शय्याव्रण-प्रतिबंध

शय्याव्रण-प्रतिबंध : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या त्वचेला व खालच्या ऊतींना सततच्या दाबाने होणारी इजा टाळण्याची परिचर्या-पद्धती (पहा : परिचर्या). डोरीन नॉर्टन यांनी इंग्लंडमध्ये वृद्ध रुग्णांसाठी तयार केलेली जोखीम-श्रेणी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८७ च्या ब्रेडन श्रेणीत ६ ते २३ गुण असून १८ वा त्याहून कमी गुण धोका दर्शवितात. माकडहाड, खुबा, टाच येथे दाबाने रक्तपुरवठा खुंटतो; ओल, घर्षण व कुपोषण (पहा : पोषण) धोका वाढवितात. रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलतात. कुशीवर ३० अंश कलते निजवितात. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवतात. बोटाने दाबूनही न फिकटणारी लाली ही इजेची पहिली पायरी असून ती जागा चोळू नये. हवेच्या गादीवरही कूस बदलावीच लागते.