एका रोगट उंदराचा वंश

राखणीस ठेवलेला पहारेकरीच तलवार उपसून घरच्या मंडळींवर धांवला, तर काय अनर्थ होईल हें सांगावयास नको. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी अशाच पहारेकरी होत. त्यांना आवरतो कोण, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास एका रोगट उंदराचा वंश कारणीभूत झाला. त्याचा हा वृत्तांत.

अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत ओक रिज येथें दुसऱ्या महायुद्धांत अणुबाँबसाठीं युरेनियम वेगळें काढीत. युद्धानंतर तेथील प्रयोगशाळेंत किरणोत्सर्गाचा आनुवंशिकतेवरील परिणाम पाहण्यासाठीं उंदीर पाळले गेले. १९४९ सालीं त्यांत कांहीं नर पिलें विचित्र निपजलीं: त्वचेवर खवले, प्लीहा फुगलेली, लसिकाग्रंथि सुजलेल्या, आणि आयुष्य अवघें कांहीं आठवड्यांचें. नवल असें कीं, हा दोष किरणांनीं आलेला नव्हता. आपोआपच उद्भवला होता. माद्या मात्र धडधाकट! कारण दोष 'एक्स' गुणसूत्रावर होता. मादीजवळ त्या गुणसूत्राची दुसरी निर्दोष प्रत असते, नराजवळ नसते. मरतुकडीं पिलें टाकून मोकळें होणें सोपें होतें. परंतु तेथील मंडळींनीं दोष वाहणाऱ्या माद्यांकरवीं हा वंश पिढ्यान्‌पिढ्या राखला. माझ्या मतें श्रेय येथूनच मोजावें. अशा कामास पारितोषिकें मिळत नाहींत.

पुढें वॉशिंग्टन संस्थानांतील एका औषधी कंपनींत मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनीं हा दोष हुडकण्याचें मनावर घेतलें. 'एक्स' गुणसूत्राच्या लेखांत सुमारें १७ कोटी अक्षरें. त्यांतून शोध ५ लाखांच्या टापूवर आला. तेथें २० जनुकें. एकोणीस निर्दोष ठरलीं आणि विसाव्यांत दोन जादा अक्षरें घुसलेलीं सांपडलीं. अपराधी अगदीं शेवटच्या बाकावर बसला होता म्हणावयाचा! २००१ सालीं जाहीर झालेलें हें जनुक 'फॉक्स-पी-३'. 'आयपेक्स' नांवाच्या रोगांत मुलग्यांस तान्हेपणींच मधुमेह, अतिसार व त्वचाविकार जडतात, आणि बहुधा अकाळीं मृत्यु येतो. तो रोगही याच जनुकाच्या बिघाडानें होतो, हें त्याच वर्षीं कळलें.

इकडे जपानांत शिमोन साकागुची यांनीं इतर पेशींस आवर घालणाऱ्या टी-पेशी १९९५ सालींच दाखविल्या होत्या. पण अशा पेशींच्या कल्पनेवर फारसा कोणाचा विश्वास उरला नव्हता. २००३ सालीं दोन्ही वाटा मिळाल्या. त्या पेशींची घडण 'फॉक्स-पी-३' वरच अवलंबून असते, असें ठरलें. २०२५ सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. 'आयपेक्स' जडलेल्या कांहीं मुलांस आज दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचें रोपण करून वांचवितां येतें. त्या मज्जेपासून त्यांना लाभतात त्या ह्याच आवर घालणाऱ्या पेशी.