नैतिक निर्णयशक्ती (वयोपरत्वे)

कृत्य युक्त की अयुक्त हे ठरविण्याची, आणि त्याचा दोष कर्त्याच्या माथी कितपत मारावा हे तोलण्याची मनुष्याची शक्ती वयोपरत्वे पालटते, ही जाणीव प्राचीन आहे. महाभारताच्या आदिपर्वात, बालपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याबद्दल सूळ भोगलेले मांडव्य ऋषी प्रत्यक्ष धर्मालाच शाप देतात, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्यास यापुढे पातक लागणार नाही, अशी मर्यादाही घालून देतात.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९३२ मधील ग्रंथाने घातला. गोट्या खेळणाऱ्या मुलांना त्याने खेळाचे नियम कोठून आले व ते बदलता येतील काय, असे विचारले, तेव्हा लहानग्यांना ते वडीलधाऱ्यांनी घालून दिलेले व अनुल्लंघनीय वाटले, तर दहा-बारा वर्षांच्यांना ते आपसांतल्या संमतीने ठरलेले वाटले. नकळत दार लोटल्याने पंधरा कप फोडणारा मुलगा आणि चोरून मुरंबा घेताना एकच कप फोडणारा मुलगा, यांत अपराधी अधिक कोण, या प्रश्नावर लहान मुले बहुधा पंधरा कपांचा हिशेब धरीत. मोठी मुले हेतू पाहत.

अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्गने १९५८ च्या प्रबंधात, मरणासन्न पत्नीसाठी औषध चोरावे काय, या पेचावर मुलग्यांची उत्तरे घेतली. चोरावे की न चोरावे, यापेक्षा मुलग्यांनी दिलेली कारणे त्याने महत्त्वाची मानली, आणि शिक्षेच्या भयापासून सार्वत्रिक तत्त्वांपर्यंत सहा पायऱ्या कल्पिल्या. याच मुलग्यांचा वीस वर्षे पाठपुरावा केल्यावर पाचवी पायरी थोड्यांनीच गाठल्याचे दिसले, आणि सहावी तर गुणांकनातून वगळावी लागली. शिखर आधी बांधून मग चढणारा शोधावा, असा हा प्रकार म्हणावा लागेल. केवळ मुलग्यांवरून बेतलेल्या या मोजपट्टीत आस्था व जबाबदारी यांच्या भाषेत विचार करणाऱ्या स्त्रियांचा स्वर बसत नाही, हा कॅरोल गिलिगन यांचा आक्षेप (१९८२) प्रसिद्धच आहे.

वार्धक्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. अलीकडील काही प्रयोगांत वृद्ध व्यक्ती तरुणांच्या तुलनेत हेतूला कमी व परिणामाला अधिक वजन देताना, अनवधानाने घडलेल्या हानीलाही अधिक दोष देताना आढळल्या. यास बुद्धीची पीछेहाट म्हणण्याची घाई मात्र करू नये; अनवधान हाच हलगर्जीपणा, असे मानण्याकडे त्यांचा कल असतो, असेही एक स्पष्टीकरण आहे.

भारतीय दंडसंहितेने (१८६०) सात वर्षांखालील बालकाचे कृत्य गुन्हा मानले नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाबाबत, कृत्याचे स्वरूप व परिणाम उमजण्याइतकी समज त्याला नव्हती असे दिसल्यास, तीच माफी ठेवली. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही या तरतुदी कायम आहेत. वार्धक्यासाठी अशी वयोमर्यादा दोहोंपैकी कोणत्याही कायद्यात नाही.