भरतपूरच्या म्हशी आणि निसर्गाची व्याख्या

मंडळी, अभयारण्याचं नियोजन करताना भोवतालच्या समाजाचा विचार करावा, असं आता सगळेच म्हणतात. का करावा, असं विचारलं की उत्तर येतं, न्यायासाठी. ते बरोबरच आहे. पण आज मला दुसरं कारण मांडायचं आहे, ते म्हणजे ज्ञानाचं. त्यासाठी राजस्थानातल्या भरतपूरचा इतिहास बघू.

तिथलं केवलादेव उद्यान, ज्याला लोक 'घना' म्हणतात, ते जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. ही पाणथळ जागा निसर्गानं आयती दिलेली नाही. जमीन मुळात सखल. तिथे बांध घालून, कालव्यानं पाणी आणून भरतपूर संस्थानानं तळी राखली. कशासाठी? तर बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले. आणि या सगळ्या काळात आसपासच्या गावांच्या म्हशी तिथे चरत होत्या, लोक गवत नि सरपण नेत होते.

पुढे शिकार थांबली, घना राष्ट्रीय उद्यान झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत. सलीम अलींसारखे थोर पक्षीतज्ज्ञही चराईबंदीच्या बाजूचे होते. १९८२ च्या नोव्हेंबरात बंदी अमलात आली. गावकऱ्यांना पर्यायी चारा मिळालेला नव्हता. संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

आता पुढचं नीट ऐका. सलीम अली ज्या संस्थेचे, त्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनंच घन्याचा दहा वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष काय निघाला? म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं. उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांची जागाच आक्रसली. म्हणजे ज्यांना आपण उपद्रव समजत होतो, त्या म्हशी तळं मोकळं ठेवत होत्या! नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायला परवानगी द्यावी लागली.

चूक कुठे झाली? माणसं वाईट नव्हती, हेतूही वाईट नव्हता. चूक व्याख्येत होती. माणूस वजा केला की उरतो तो निसर्ग, असं गृहीत धरलं होतं. घन्यात ही वजाबाकी होतच नाही, कारण तिथलं पाणीच माणसानं आणलेलं आहे.

याचा अर्थ सगळीकडे गुरं सोडा, असा मात्र नाही. एखाद्या माळरानावर तीच चराई घातक ठरेल. शिवाय 'समाज' म्हणजेही एकजिनसी वस्तू नव्हे. २००४ च्या सुमारास पांचना धरणाचं पाणी घन्याला सोडायला वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचीही शेती तहानलेली होती. कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न उरतोच.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं एवढं केलं, की वन्यजीवांसाठी एखादा अधिवास पूर्ण मोकळा करायचा, तर आधी शास्त्रीय निकषांवर गरज दाखवावी लागते आणि पुनर्वसनाला ग्रामसभेची संमती लागते. ही संमती शेवटी सही घेण्यापुरती उरली, तर भरतपूरपासून आपण काहीच शिकलो नाही. आराखड्याची पहिली ओळ लिहिण्याआधी गुराख्याला विचारायला हवं: इथे तुझी गुरं काय खातात, आणि ती आली नाहीत तर काय उगवेल?