स्टेरॉइड मलमे आणि अस्थिहानी

स्टेरॉइडयुक्त मलमे अतिरिक्त प्रमाणात व दीर्घकाळ लावल्याने हाडांना होणारी इजा हा या औषधांचा दुर्मीळ दुष्परिणाम होय. ही इजा दोन प्रकारची असते. एकात हाडांची घनता घटते (ऑस्टिओपोरोसिस). दुसऱ्यात रक्तपुरवठा खंडित होऊन हाडाचा भाग मृत होतो (एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) व बहुधा खुब्याचा सांधा निकामी होऊ लागतो. दुसरा प्रकार प्रामुख्याने पोटातून किंवा शिरेवाटे दिलेल्या स्टेरॉइडशी निगडित आहे. कोविडनंतर असे तीन रुग्ण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने 2021 साली नोंदवले. मलमामुळे तो झाल्याच्या नोंदी मात्र तुरळक आहेत.

कारणमीमांसा

त्वचेवर लावलेल्या औषधाचा काही अंश रक्तात उतरतो. पापण्या, जांघ यांसारख्या पातळ त्वचेतून, पट्टीखाली झाकलेल्या भागातून आणि लहान मुलांत हे शोषण अधिक होते. रक्तातील स्टेरॉइड हाडे घडवणाऱ्या पेशींना दडपते व आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यात अडथळा आणते. क्लोबेटासोल हे अतितीव्र औषध आठवड्याला 50 ग्रॅमपेक्षा जास्त आणि सलग दोन आठवड्यांहून अधिक वापरू नये, असा निर्देश आहे. डेन्मार्कमधील सात लाखांहून अधिक प्रौढांच्या 2021 सालच्या अभ्यासात तीव्र मलमांचा एकूण वापर जसजसा वाढला, तसतसा ऑस्टिओपोरोसिस व अस्थिभंगाचा धोका किंचित वाढलेला दिसला. या अभ्यासाने सहसंबंध दाखवला, कार्यकारणभाव सिद्ध केला नाही. थोड्या दिवसांच्या योग्य उपचाराने हाडे झिजतात असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल.

विदर्भातील संदर्भ

भारतात खरी अडचण गजकर्ण-नायट्यावर स्वतःहून लावल्या जाणाऱ्या मिश्र मलमांची आहे. त्यांतील स्टेरॉइडमुळे खाज व लाली त्वरित शमते, पण बुरशी फोफावते. लावणे थांबवताच त्रास उफाळतो आणि पुन्हा तीच नळी हाती घेतली जाते. महिनोन्‌महिने वापर होतो तो असा. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये आणली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत.

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या तालुक्यांत निदान करताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. विदर्भात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तोही खंडित करतो. त्यामुळे जांघेत वेदना किंवा लंगडणे असलेल्या तरुण रुग्णाने मलम वापरले असले, तरी दोष त्यावर टाकण्यापूर्वी सिकलसेलची रक्ततपासणी, मद्यपान व पूर्वी घेतलेली इंजेक्शने यांचा विचार आवश्यक ठरतो.

निदान

आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. एमआरआय तपासणीत बदल लवकर कळतो. दीर्घकाळ वापरलेले तीव्र मलम एकाएकी बंद करू नये. ते वैद्यकीय सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करतात, कारण दरम्यान शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असू शकते.