डेटाबेस वापरणाऱ्या आज्ञावलींचे कालमापन : एक ऐतिहासिक आढावा

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसचे संबंधाधारित प्रतिमान मांडले. १९७१ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी फोर्ट्रान आज्ञावलींचे मापन केले, तेव्हा त्यांच्या ४ टक्क्यांहून कमी भागावर निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो, असे आढळले. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात क्वेरीसाठी सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडण्याची पद्धत विशद केली.

तथापि, या पद्धतीची दृष्टी एकेका क्वेरीपुरती मर्यादित होती. पुराभिलेखागारात १०० कागद हवे असलेल्या अभ्यासकाने प्रत्येक कागदासाठी स्वतंत्र मागणीपत्र दिले, तर रुमाल कितीही लवकर सापडला तरी त्याचा दिवस खेपांतच जाईल. १००० विद्यार्थ्यांचे गुण १००० क्वेरींनी मागवणाऱ्या आज्ञावलीचेही तसेच होते. प्रत्येक क्वेरी स्वतंत्रपणे मोजल्यास निर्दोष ठरते. विलंब खेपांच्या संख्येत दडलेला असतो.

या प्रश्नावरील महत्त्वाचे संशोधन मुंबईच्या आयआयटीत झाले. रवींद्र गुरवण्णवर व एस. सुदर्शन यांनी २००८ मध्ये आज्ञावलीचे पुनर्लेखन करून अशा पुनरावृत्त क्वेरी एकत्रित करण्याचे नियम मांडले. क्वेरीबरोबरच ती पाठवणारी आज्ञावलीही त्यामुळे सुधारणेच्या कक्षेत आली.

सारांश, मापनाचे एकक क्वेरी नसून संपूर्ण काम असावे. निकालाची वा प्रवेशाची प्रणाली मंदावल्यास महाविद्यालयाने नव्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी खेपा मोजणे श्रेयस्कर ठरते.