व्याधी एक, वाटा दोन : बेळगाव-निपाणी परिसरातील कर्करोगचिकित्सेचा इतिहास

तंबाखू ही निपाणीची लक्ष्मी होय. चिकोडी-हुक्केरीच्या रानांत पिकलेले पान निपाणीच्या वखारीत येते, तेथे स्त्रियांच्या हातांखालून जाते आणि विडीच्या रूपाने दूरदूर पोहोचते. याच पिकाच्या रास्त भावासाठी 1981 साली येथील शेतकऱ्यांनी आंदोलन उभारले आणि गोळीबारही सोसला. परंतु ज्या पानाने घरे उभी केली, तेच पान मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून या व्याधीच्या उपचारांचा इतिहास आपल्या भागास परका नव्हे.

आपल्या प्राचीन वैद्यांस हा रोग अगदीच अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी व अर्बुद यांची लक्षणे सांगितली आहेत. अर्बुद सावकाश वाढते व पिकत नाही, तसेच एकावर दुसरे उद्भवू शकते, हे निरीक्षण तेथे आढळते. चिकित्सेत केवळ लेप व काढे नसून क्षार, अग्नी आणि शस्त्र यांचाही निर्देश आहे. काढताना काही अंश शिल्लक राहिल्यास अर्बुद पुन्हा उद्भवते, असा इशाराही सुश्रुताने दिला आहे. 'शस्त्र लावले की गाठ पसरते' ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. परंतु ती आयुर्वेदाच्या नावावर घालणे म्हणजे सुश्रुतावर अन्याय करणे होय.

अर्वाचीन वैद्यकाचा या भागाशी संबंध मिरजेच्या मिशन रुग्णालयामुळे दृढ झाला. डॉ. वॉन्लेस यांनी ते 1894 साली सुरू केले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली उघडले. बेळगावच्या शहापुरात कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय 1933 साली, तर जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली स्थापन झाले. ही दोन्ही महाविद्यालये आज एकाच के. एल. ई. संस्थेच्या छत्राखाली आहेत. 2006 साली बेळगावात निघालेल्या केंद्रीय संशोधन केंद्रास पुढे राष्ट्रीय पारंपरिक वैद्यकशास्त्र संस्था असे नाव मिळाले. एकाच नगरात दोन्ही परंपरा अशा शेजारी नांदत आहेत.

रुग्णाच्या मनात मात्र त्या शेजारी नांदत नाहीत. घरात वैद्याचा काढा चालू असतो, रुग्णालयात शेक किंवा केमो चालू असते, आणि एकाची वार्ता दुसऱ्यास नसते. रुग्ण सांगत नाही, कारण त्यास रागावण्याचे भय वाटते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण बाहेर रांग लागलेली असते. काही डॉक्टर सर्वच झाडपाला त्याज्य मानतात, तर काही वैद्य सर्वच केमोस विष म्हणतात. या मौनाची किंमत रुग्ण मोजतो. काही वनस्पती रक्त गोठण्याच्या क्रियेत फेर करतात, काही भस्मे यकृत व मूत्रपिंड यांवर भार टाकतात. हे शस्त्रक्रियेपूर्वी कळलेच पाहिजे.

या वादाचा निवाडा जणू सह्याद्रीनेच करून ठेवला आहे. घाटमाथ्याच्या रानात दुर्गंधामुळे 'नरक्या' हे नाव मिळालेले एक झाड आहे. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य 1966 साली प्रथम एका चिनी वृक्षात सापडले. 1972 साली भारतीय संशोधकांनी ते नरक्यातही दाखविले. कर्कपेशींवर त्याचा प्रभाव होता, पण मूळ द्रव्य इतके जहाल होते की माणसांवरील आरंभीचे प्रयोग थांबवावे लागले. पुढे त्यात रासायनिक फेरफार करून सिद्ध केलेली दोन औषधे 1996 साली अमेरिकेत मान्य झाली. वनस्पतीत गुण असतो, हे खरे. परंतु शुद्धी, मात्रा आणि परीक्षा यांवाचून त्या गुणाचे औषध होत नाही, हेही तितकेच खरे.

परीक्षेचा कौल अन्यत्रही स्पष्ट आहे. रोग पसरण्यापूर्वीच्या अवस्थेत केवळ पर्यायी उपचार स्वीकारणाऱ्या 281 अमेरिकन रुग्णांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. रूढ उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. याउलट टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मुख्य उपचारांच्या जोडीस योगाभ्यास देऊन त्याची रीतसर चाचणी घेतली. येथे 'जोडीस' हा शब्द महत्त्वाचा आहे. पूरक उपचाराने मन स्थिर व्हावे, शीण उतरावा, झोप यावी. गाठीवरील उपचार मात्र त्याने मागे सारू नये.

मठाच्या पायरीवर आलेला रुग्ण बहुधा प्रथम अंगारा मागतो, मग सल्ला. चरकाने वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, आणि रुग्णाने आपला रोग निःसंकोच सांगावा, हा त्याचा गुण मानला आहे. अंगारा कपाळी लावावा, नामस्मरण करावे, त्याने धीर येतो. परंतु तोंडातील चट्टा वा न बरा होणारा व्रण दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिला, तर त्याच पावली रुग्णालयाची वाट धरावी, आणि घरी जे जे घेतले जाते ते डॉक्टरांस निर्भयपणे सांगावे. या रोगात गेलेला वेळ परत येत नाही.