लस आणि उंबरठा

लशीचा इतिहास आपण शोधाचा इतिहास म्हणून वाचतो. ती कुणाच्या दारापर्यंत पोचली, हेही कधी विचारायला हवं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढची चाचणी झाली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. बाहेर मात्र भय होतं. साथीच्या कायद्याखाली घरांच्या झडत्या होत, रोग्याला उचलून नेत. त्याच सरकारची सुई लोकांना आपली कशी वाटावी? तेव्हा तिसरे आगाखान पुढे झाले. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला ‘खुश्रू लॉज’ दिला. मग हजारो खोजांनी लस घेतली. हुकमाने होईना, ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने झालं.

मी पवईत राहतो. इथे टोलेजंग इमारती आणि फुलेनगरसारख्या वस्त्या शेजारीशेजारी आहेत. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात सरकारी कार्यक्रमात आली २०२१ मध्ये. तोवर ती खासगी दवाखान्यात, एका डोसला काही हजार रुपये मोजून मिळे. दाटीच्या खोलीतल्या बाळाला धोका जास्त. लस मात्र वरच्या मजल्यावरच्या बाळाला. त्याच वर्षी मे महिन्यात करोनाची लस अठरा वर्षांवरच्या सर्वांना खुली झाली. पण नोंदणी मोबाइलवर, संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत. त्या जूनपासून खासगी रुग्णालयात कोव्हिशिल्डच्या डोसला ७८० रुपयांपर्यंत पडत. भांडी घासणाऱ्या बाईने हे कसं जमवावं?

२०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. ‘ही माणसं लसच घेत नाहीत’ असं सहज बोललं गेलं. गैरसमज होतेच. पण करोनाच्या काळात चुकलेले डोस, पोटासाठी बदलणारी बिऱ्हाडं, हेही होतं. कविता लिहिणारा म्हणून मी शब्द तपासून घेतो. ‘मोफत’ हा शब्दही तपासावा लागतो. गोवराची लस मोफत आहे. ती टोचायला नेताना पडणारा कामाचा खाडा मोफत नसतो.

म्हणून लशीची वेळ रोजंदारीवरच्या आईला विचारून ठरवावी: संध्याकाळी, रविवारी, वस्तीतच. आणि समजावणारं माणूस तिच्या गल्लीतलं असावं. ही वाट मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे.